फिडेल्माचा एक पौंड

मी जॉकींचे बूट पुसतो. गेली एकतीस वर्षं हेच करतोय. बूट पुसायचे, खोगिरं साफ करायची, पांढऱ्या पँटी धुऊन वाळवायच्या आणि रेसच्या दिवशी वजनाच्या खोलीत, जिथं जॉकी कपडे बदलतात आणि काट्यावर बसतात, माझ्या वाटणीच्या सात जॉकींना वेळेवर कपडे चढवून बाहेर काढायचं. आई पोरांना शाळेत धाडते तसंच. फरक एवढाच, की ही पोरं उपाशी असतात आणि शिव्या फार देतात. माझं नाव डिनी फॉर्च्यून. माझं स्वतःचं वजन कृपा करून विचारू नका.

या सातांतला एक युलिक हॅकेट. तेव्हा बत्तीस वर्षांचा होता आणि जॉकीनं असू नये इतका उंच. हिवाळ्यात रेस बंद असल्या की त्याचा काटा त्रेसष्ट किलोवर जायचा, आणि मार्चअखेर त्याला पंचावन्नच्या आसपास यावं लागायचं. मधले आठ किलो तो कुठे टाकतो ते मला ठाऊक होतं. काही कढत पाण्याच्या टबात, काही तीन स्वेटर घालून पळताना आणि उरलेले जेवणाच्या टेबलावर, म्हणजे न जेवता. त्याच्या घरच्या शेगडीवर काही शिजताना मी कधी पाहिलं नाही. शेगडी मात्र लखलखीत होती.

दर फेब्रुवारीत आमच्यातले काही जण डब्लिनला मुलांच्या हॉस्पिटलात जातात. ही पद्धत कुणी पाडली ते आता कुणाला आठवत नाही. टोप्या न्यायच्या, कापडाचे घोडे न्यायचे, सह्या करायच्या, फोटो काढायचे. गाडी मी चालवतो, कारण जॉकी चालवत असलेल्या गाडीत बसायची माझी हिंमत होत नाही.

त्या वर्षी आम्ही पाच जण होतो. रक्ताच्या कॅन्सरच्या मुलांचा वॉर्ड वरच्या मजल्यावर. आत शिरायच्या आधी हात धुवा, मास्क लावा, कोट बाहेर काढून ठेवा, असं सगळं होतं. तिथली सिस्टर लिसम्मा केरळची. बारा वर्षं आयर्लंडात होती. आमच्यातल्या प्रत्येकाच्या बुटांकडे तिनं असं काही बघितलं, की बूट पुसणं हा माझा धंदा असूनही मला लाज वाटली.

"तबेल्यातून आलात?" तिनं विचारलं.

"आज नाही सिस्टर. आंघोळ करून आलोय."

"परत करा," असं म्हणून तिनं आम्हाला पुन्हा बेसिनकडे पाठवलं.

खिडकीजवळच्या खाटेवर फिडेल्मा कॅशिन होती. दहा वर्षांची. टलो गावची. फिडेल्मा हे नाव आमच्याकडे आता फक्त आज्यांचं उरलंय, त्यामुळे खाटेवरची पाटी वाचून मला वाटलं, चुकून कुणाची तरी म्हातारी या वॉर्डात आणून ठेवलीय. केस गेलेले, डोक्यावर विणलेली हिरवी टोपी, मनगट माझ्या अंगठ्याएवढं. समोर जेवणाचा ट्रे, त्यातलं काही हललेलं नव्हतं. शेजारच्या खुर्चीत तिची आई जेर. ट्रेकडे न बघता ट्रेबद्दलच विचार करतेय हे तिच्या तोंडावरून कळत होतं.

युलिकनं आपली रेसची टोपी पुढे केली.

"टोपी आहे मला," फिडेल्मा म्हणाली.

युलिक टोपी हातात धरून ट्रेकडे बघायला लागला. ती म्हणाली, "काय बघतोयस?"

"काही नाही."

"माझ्या कस्टर्डकडे बघतोयस."

चोरी पकडली गेली होती. युलिक खुर्ची ओढून बसला. "शेवटचं कस्टर्ड मी नाताळात खाल्लं," तो म्हणाला. "दोन चमचे."

"मग हे खा. मला नकोय."

"खाल्लं तर मार्चमध्ये मला कुणी घोड्यावर बसवणार नाही."

"आणि मी नाही खाल्लं तर सोमवारी माझ्या नाकातून नळी घालणारेत."

दोघं त्या कस्टर्डकडे बघत बसले. मग युलिक म्हणाला, "एक काम करशील? एक चमचा खा आणि कसं लागतं ते सांग मला. नुसतं चांगलं-वाईट नको. नीट सांग. मी इथे बसून ऐकतो."

"लोखंडासारखं लागतं. औषधांमुळे सगळंच लोखंडासारखं लागतं."

"कुठल्या लोखंडासारखं? घोड्याच्या नालासारखं की किल्लीसारखं?"

"किल्लीसारखं."

"घराच्या की गाडीच्या?"

तिनं त्याच्याकडे असं बघितलं, जणू हा माणूस जरा सरकलेला असावा. पण प्रश्न खरा होता आणि तिला उत्तर माहीत नव्हतं. म्हणून तिनं चमचा उचलला, थोडं कस्टर्ड तोंडात घेतलं, जिभेवर फिरवलं आणि डोळे मिटले.

"गाडीच्या," ती म्हणाली. "पण मागून व्हॅनिला येतो. लांबून. जिन्याखालून कुणी हाक मारावी तसा."

"आहाहा," युलिक म्हणाला. अगदी मनापासून. "अजून एकदा बघ. व्हॅनिला जवळ येतोय का?"

त्या दिवशी तिनं पाच चमचे खाल्ले. जेर उठून बाहेर कॉरिडॉरमध्ये गेली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. मी तिच्याशेजारी जाऊन उभा राहिलो आणि तिला सांगितलं की गाडी मीच चालवत आणलीय. ती म्हणाली, "बरं केलंत."

तिथून फोन सुरू झाले. हॉस्पिटलात संध्याकाळचं जेवण साडेपाचला येतं. साडेपाचला युलिक कढत पाण्याच्या टबात बसलेला असायचा, घाम काढत. जेर फोन स्पीकरवर ठेवायची. फिडेल्मा एकेक घास घ्यायची आणि वर्णन करायची, आणि हा तिकडे पाण्यात बसून ऐकायचा. मासा म्हणजे पावसात राहिलेला पुठ्ठा. मटार म्हणजे गोड खडूची गोळी. उकडलेला बटाटा म्हणजे काहीच नाही, पण गरम काहीच नाही. युलिक समाधान होईपर्यंत सोडायचा नाही. "खडूची गोळी म्हणजे काय? फुटते की विरघळते?" मग ती आणखी एक मटार खायची.

सोमवारी नळी घातली नाही. वजन बावीस किलो होतं, तिथंच टिकलं होतं. पुढच्या सोमवारी दोनशे ग्रॅम जास्त भरलं. सिस्टर लिसम्मानं काट्याचा फोटो काढून मला पाठवला. खाली लिहिलं होतं, 'घोडेवाल्यांना कळवा.'

मार्चच्या शेवटी रेस सुरू झाल्या आणि घोटाळा झाला. रेस चालू असताना वजनाच्या खोलीत फोन वापरायला बंदी असते आणि युलिकची पाचची रेस संपून साडेपाचच्या रेसची तयारी चाललेली असायची. मग रेसच्या दिवशी ते काम माझ्याकडे आलं. साडेपाचला मी कँटीनच्या मागे उभा राहून फोन करायचो. फिडेल्मा सांगायची आणि मी रेसकार्डाच्या पाठीवर लिहून घ्यायचो. मग आत जाऊन युलिकच्या बुटाची झिप लावता लावता वाचून दाखवायचो.

"'मॅकरोनी: ओल्या रबरबँडची पुंगळी. चीज: चांगलं आहे पण रागावलेलं.'"

"रागावलेलं?" युलिक म्हणायचा. "विचारलं नाहीस का, कुणावर?"

हे सगळं पार्नेल लॉलर शेजारच्या बाकावर बसून ऐकायचा. पार्नेल चव्वेचाळीस वर्षांचा, आमच्यातला सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत घाणेरड्या तोंडाचा. एक दिवस तो म्हणाला, "तुम्ही दोघं येडे आहात." दुसऱ्या दिवशी म्हणाला, "त्या वॉर्डात न जेवणारं अजून कुणी आहे का?"

होतं. लिसम्मानं यादीच केली. एप्रिलच्या मध्यापर्यंत नऊ मुलं आणि नऊ जॉकी झाले. कोण कुणाला कधी फोन करणार ते कागदावर लिहून तिनं नर्सेसच्या टेबलावर चिकटवलं. आमच्या लोकांना वर्णन ऐकायची चटकच लागली. खरं सांगायचं तर हे सगळे उपाशी लोक. सकाळी एकमेकांना विचारायचे, "तुझ्या पोरीनं काल काय खाल्लं?" आणि ज्याच्या पोरीला पुडिंग मिळालंय त्याच्यावर जळायचे.

पार्नेलच्या वाट्याला इमन आला. चार वर्षांचा. त्याला वर्णन वगैरे जमत नव्हतं. त्याला फक्त घोडा ऐकायचा होता. म्हणून पार्नेल फोनवर खिंकाळायचा. एक खिंकाळी, एक घास. घोडा दमल्यासारखा, घोडा रागावल्यासारखा, घोड्याला शिंक आल्यासारखा. हा माणूस आयुष्यात कुणासाठी दार उघडून धरत नसे, आणि गाडीत बसून चेहरा लालबुंद होईपर्यंत खिंकाळत असे. आम्ही त्याला काही बोललो नाही. म्हणजे बोललो, पुष्कळ बोललो, पण त्यानं मनावर घेतलं नाही.

इमन एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात गेला. लिसम्मानं मला फोन केला आणि पार्नेलला सांगायचं काम माझ्यावर आलं. तो खोगीर बांधत होता. त्यानं ऐकलं, पट्टा ओढून घट्ट केला, बाहेर जाऊन घोड्यावर बसला आणि ती रेस जिंकला. पुढचे दोन दिवस त्यानं कुणाला एक शिवी दिली नाही. मग मयतीला आम्ही अकरा जण काळे सूट घालून गेलो. इमनच्या बापानं पार्नेलला विचारलं, "घोडा तुम्हीच ना?" पार्नेल म्हणाला, "हो, मीच." दोघं बराच वेळ एकमेकांचा हात धरून उभे होते.

त्या सोमवारी पार्नेलनं लिसम्माला फोन करून दुसरं नाव मागून घेतलं.

आता युलिकचं सांगतो. मेमध्ये कर्राहच्या मैदानावर एक मोठी रेस असते. त्यात प्रेन्डरगास्टबाईंचा 'लेट पोस्टमन' धावणार होता. प्रेन्डरगास्टबाई म्हणजे आमच्या भागातल्या जुन्या ट्रेनर, बोलायला कमी आणि बोलल्या की टोचणाऱ्या. लेट पोस्टमन पाच वर्षांचा तपकिरी घोडा, नावाला जागणारा. शेवटच्या क्षणाला पोहोचायचा, कधी कधी त्याच्याही नंतर. तो फक्त युलिकच्या हाताखाली मनापासून पळायचा. पण त्या रेसला त्याच्या पाठीवर वजन ठरलं होतं जॉकी आणि खोगीर मिळून पंचावन्न किलो. युलिकला त्यासाठी हाडं तेवढी ठेवून बाकी सगळं काढावं लागणार होतं.

आणि त्यानं तेच केलं. सकाळी काळी कॉफी, दुपारी काही नाही, संध्याकाळी टब. फिडेल्माला मात्र सांगायचा की मी व्यवस्थित खातोय, डॉक्टरांनी तक्ता करून दिलाय. रेसच्या आधी बारा दिवस, नेसच्या मैदानावर, वजनाच्या खोलीत काट्याकडे जाता जाता तो खाली कोसळला. कपाळ बाकावर आपटलं. डॉक्टरांनी त्याला त्या दिवशी घोड्यावर बसू दिलं नाही, कपाळाला तीन टाके घातले आणि झोपवून ठेवलं.

साडेपाच वाजले. मी कँटीनमागे जाऊन फोन लावला.

"युलिकच्या रेसमध्ये दुसराच जॉकी होता," फिडेल्मा म्हणाली. ती सगळ्या रेस टीव्हीवर बघायची. "का?"

मला खोटं बोलता येत नाही असं नाही. बायकोशी मी व्यवस्थित बोलतो. पण त्या पोरीशी जमेना. म्हणून मी सांगितलं, की तो चक्कर येऊन पडला, कारण त्यानं दोन दिवस काही खाल्लं नव्हतं.

पलीकडे चमचा ट्रेवर ठेवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "त्याला सांग, आज मी काही खाणार नाही."

"अगं पोरी—"

"तो आधी खाईल. आणि मला सांगेल कसं लागलं. मग मी खाईन."

मागून जेर काहीतरी समजावत होती. फिडेल्माचा आवाज चढला नाही. "मी त्याला एकदाही खोटं सांगितलं नाही," ती म्हणाली. "उलटी झाली तेव्हा उलटीही सांगितली."

हे मी युलिकला जसंच्या तसं सांगितलं. तो पलंगावर पडून छताकडे बघत होता. मी कँटीनमध्ये गेलो, एक उकडलेलं अंडं आणलं, त्याच्या छातीवर ठेवलं आणि तिथंच फोन काढून हॉस्पिटलला लावला. तोवर शेवटची रेस संपली होती, त्यामुळे कुठला नियम मोडला असं म्हणता येणार नाही.

युलिकनं अंडं सोललं. खाल्लं.

"कसंय?" फिडेल्मानं विचारलं.

"चांगलंय."

"हे चालणार नाही."

"अंडं आहे गं. अंड्यासारखं लागतं."

"युलिक."

त्यानं दुसरा घास घेतला. खूप वेळ चावत बसला. मग त्याचा चेहरा कसातरी झाला आणि तो म्हणाला, "पांढऱ्याला काही चव नाही. म्हणजे थंड चादरीसारखं आहे. मग पिवळं येतं... ते भुकटीसारखं असतं, टाळ्याला चिकटतं. आणि मीठ. मीठ किती खारट असतं ते विसरलोच होतो मी."

"किती दिवसांनी खाल्लंस?"

"अख्खं? तीन वर्षं झाली असतील."

"बरं," ती म्हणाली. "आता माझा झाकून ठेवलेला मासा खाते. ऐक."

त्या दिवसापासून उलटं सुरू झालं. रोज सकाळी युलिकनं एक अंडं आणि टोस्ट खायचा आणि सांगायचं. मग तिनं. आमच्याकडे जॉकींसाठी आहार सांगणारी एक बाई असते, तिच्याकडेही तो गेला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. ती म्हणाली, पंचावन्न किलो तुमच्या हाडांना झेपणारं नाही. हे कळायला बाई कशाला हवी होती म्हणा, त्याच्या पँटीला मी घातलेली शिलाई तेच सांगत होती. पण बाईनं कागदावर लिहून दिलं.

रेसच्या चार दिवस आधी तो प्रेन्डरगास्टबाईंकडे गेला. मी गाडीत थांबलो होतो, पण काच खाली होती.

"मी एक पौंड जास्त भरणार," युलिक म्हणाला.

एक पौंड म्हणजे जेमतेम अर्धा किलो. पण तेवढ्यावर आमच्याकडे रेस फिरतात.

"का?" बाईंनी विचारलं.

"मी नाश्ता करतोय."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. मग लेट पोस्टमनकडे बघितलं. तो दारातून डोकं बाहेर काढून बादली चाटत होता. "मी दुसऱ्या कुणाला बसवू शकते," त्या म्हणाल्या.

"बसवू शकता बाई."

"हे घोडं दुसऱ्या कुणासाठी पळत नाही, हे तुला माहिती आहे."

"त्याला माहिती आहे. मला आशा आहे."

"निघ," बाई म्हणाल्या. "आणि नाश्त्यात लोणी लावू नकोस."

रेसच्या दिवशी काट्यावर टूहीसाहेब होते. अम्ब्रोज टूही सव्वीस वर्षं कर्राहच्या काट्यावर बसतात. माणूस असा, की स्वतःच्या बायकोनं नमस्कार केला तरी आधी वजन बघतील. युलिक खोगीर घेऊन काट्यावर बसला. टूहीसाहेबांनी चष्म्यातून आकडा बघितला, पुन्हा बघितला, कारण युलिक हॅकेट कधी जास्त भरत नाही.

"एक पौंड जास्त, मिस्टर हॅकेट."

"हो साहेब."

"जाहीर करावं लागेल."

"करा साहेब. मोठ्यानं केलं तर बरं."

आणि मग मैदानावरच्या सगळ्या भोंग्यांतून आवाज आला, "लेट पोस्टमन, एक पौंड जास्त." एरवी जॉकीला हे ऐकून तोंड लपवावंसं वाटतं. पण टीव्हीवरही ते ऐकू गेलं आणि डब्लिनच्या त्या वॉर्डात, लिसम्मानं मला नंतर सांगितलं, सगळ्या पोरांनी ताटं वाजवली. फिडेल्मा त्यांना सांगत होती, "तो पौंड माझा आहे."

रेस मी वजनाच्या खोलीच्या दारातून बघितली. लेट पोस्टमन नेहमीसारखा शेवटून तिसरा राहिला. मग तीनशे मीटर उरले तेव्हा युलिकनं त्याला बाहेरच्या बाजूला काढलं आणि तो घोडा असा सुटला की मी हातातला पुसलेला बूट खाली टाकला. एकेकाला मागे टाकत आला. शेवटच्या पावलाला पुढच्या घोड्याला गाठलं, आणि निकालासाठी फोटो बघावा लागला.

एका नाकानं हरला.

खोलीत आल्यावर कुणी त्याला सोडलं नाही. पार्नेल सगळ्यात पुढे. "अंडं उकडलेलं होतं की तळलेलं? तळलेलं असेल तर तेल नडलं."

"टोस्टच्या कडा कापायला हव्या होत्या," दुसरा म्हणाला.

प्रेन्डरगास्टबाई आत आल्या. बाई युलिकसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात त्याच्यावर साडेसत्तावन्न किलो असेल. त्या रेसला नाश्ता करून ये." आणि गेल्या. आमच्या धंद्यात याला कौतुक म्हणतात.

संध्याकाळी फोनवर युलिकनं माफी मागितली. जिंकायला हवं होतं म्हणाला.

"अंड्यानं नाही हरलास," फिडेल्मा म्हणाली. "तू बाहेर उशिरा काढलंस त्याला. मी तीनदा बघितलं परत लावून. चारशे मीटरला काढायला हवं होतं."

युलिक माझ्याकडे बघून म्हणाला, "बरोबर बोलतेय ती." त्याला पराभवापेक्षा ते जास्त लागलं.

जूनमध्ये फिडेल्माचं वजन साडेचोवीस किलो झालं आणि डॉक्टर म्हणाले, आता करू या. बोन मॅरो बदलायचा होता. तिच्या मोठ्या बहिणीचा जुळला होता. त्यासाठी तिला एकटीला एका बंद खोलीत ठेवलं, पाच आठवडे. आधीची औषधं इतकी जहाल होती, की तोंड आतून सोलून निघालं. आता खाणं बंद, बोलणं बंद. नळीही आली, आणि तिला त्याचं काही वाटलंही नाही म्हणे.

युलिकनं जेरला विचारलं, "फोन करू का?"

"ती बोलू शकत नाही," जेर म्हणाली. "ऐकू येतं तिला."

मग रोज संध्याकाळी, रेस असली तर ती संपल्यावर, तो फोन करायचा आणि जेर काचेच्या आतल्या बाजूला, मास्क आणि झगा घालून, फोन फिडेल्माच्या उशीपाशी धरायची. आता खाणारा हा आणि सांगणाराही हाच. रोज काहीतरी नवीन खायचा, कारण तेच तेच काय सांगणार? त्याच्या शेगडीवर पहिल्यांदा डाग पडले. मी एकदा त्याच्याकडे असताना तो सूप पीत होता आणि फोनमध्ये सांगत होता, "लीक म्हणजे कांद्याचा शहाणा भाऊ. आधी गप्प बसतो. मग घशाखाली गेल्यावर बोलतो, आणि तेही हळू." पलीकडून फक्त यंत्रांचा आवाज. तो दहा मिनिटं बोलायचा, मग "उद्या" म्हणायचा आणि ठेवायचा. ठेवल्यावर बराच वेळ फोन हातात धरून बसायचा.

सत्तावीस दिवस असं चाललं. त्यातले काही दिवस फार वाईट होते. एकदा जेरनं फोनच उचलला नाही. त्या संध्याकाळी युलिक माझ्या घरी येऊन बसला. माझ्या बायकोनं त्याच्यापुढे मटणाचा स्ट्यू ठेवला. तो त्यानं संपवला आणि वाडगा स्वतः धुऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी फोन उचलला गेला.

अठ्ठाविसाव्या दिवशी तो मशरूमबद्दल सांगत होता. "ओल्या जंगलात बसून चामड्याचा पट्टा चावल्यासारखं—"

"हे झालंय," फोनमधून आवाज आला. खरवडल्यासारखा. "मागच्या मंगळवारी."

युलिकच्या हातातून काटा पडला. "बरोबर," तो म्हणाला. "चुकलं माझं. थांब, दुसरं सांगतो."

नवीन मॅरोनं काम सुरू केलं होतं. डॉक्टरांनी आणखी आठवडाभर वाट बघून मग सांगितलं.

ती सप्टेंबरच्या शेवटी कर्राहला आली. रेस नसलेल्या दिवशी, सकाळी. तबेल्यात जायला वर्षभर बंदी होती. गवताची धूळ नको, घोड्याजवळ जायचं नाही, गर्दी नको. लिसम्मानं अटींचा कागदच लिहून दिला होता. म्हणून आम्ही तिला रिकाम्या स्टँडमध्ये नेलं आणि प्रेन्डरगास्टबाईंनी लेट पोस्टमनला समोरच्या हिरवळीवरून दोनदा चालवत नेलं, पन्नास मीटर अंतरावरून. फिडेल्मानं त्याला हात केला. घोड्यानं तिच्याकडे बघितलं नाही. "टीव्हीवर दिसतो तसाच आहे," ती म्हणाली. "आळशी."

मग तिला वजनाची खोली बघायची होती. बाहेरच्या माणसाला आत सोडत नाहीत. मी ते सांगत होतो, तेवढ्यात टूहीसाहेब दिसले. सुट्टीच्या दिवशी, टाय लावून. त्यांना कुणी बोलावलं होतं ते मला आजही माहीत नाही. त्यांनी दार उघडून धरलं.

"मिस कॅशिन," ते म्हणाले. "काट्यावर या."

ती खुर्चीसारख्या काट्यावर बसली. पाय जमिनीला पोचत नव्हते. हिरव्या टोपीखालून नवे केस दिसत होते, पिलाच्या पिसांसारखे. युलिकनं तिच्या मांडीवर आपलं खोगीर ठेवलं, कारण काट्यावर खोगिराशिवाय बसायचं नसतं.

टूहीसाहेबांनी चष्मा पुसला, आकडा बघितला. "खोगीर वजा करून सत्तावीस किलो, दोनशे ग्रॅम."

"जास्त भरले का?" फिडेल्मानं विचारलं.

टूहीसाहेबांनी थोडा विचार केला. त्यांच्या खांद्यावर सव्वीस वर्षांचे नियम होते. "तुमच्यासाठी वरची मर्यादा ठेवलेली नाही," ते म्हणाले.

पार्नेल दारात उभा होता. तो म्हणाला, "साहेब, माझ्यासाठीही काढा की ती."

"तुमच्यासाठी आहे, मिस्टर लॉलर. आणि तुम्ही ती ओलांडलेली आहे."

याला आता दोन वर्षं झाली. फिडेल्मा बारा वर्षांची आहे. तीन महिन्यांनी एकदा रक्त तपासतात, आणि पाच वर्षं होईपर्यंत डॉक्टर 'बरी झाली' हा शब्द वापरणार नाहीत. जेर मात्र वापरते, हळू आवाजात. युलिकनं सपाट मैदानावरच्या रेस सोडल्या आणि अडथळ्यांवरून उड्या मारायच्या रेसमध्ये गेला. तिथं दहा किलो जास्त वजन चालतं. हाडं जास्त मोडतात, पण त्यांच्यावर थोडं मांस तरी असतं. मागच्या वर्षी त्यानं माझ्या बायकोकडून स्ट्यू शिकून घेतला. आता तो मला फोन करून सांगतो, की मी अजमोदा चुकीच्या वेळी घालतो.

वॉर्डातली यादी चालू आहे. परवाच लिसम्माचा फोन आला. "डिनी, एक नवीन आलाय. सात वर्षांचा. कुणाशी बोलत नाही, भिंतीकडे तोंड करून झोपतो. कोण आहे तुमच्याकडे?"

मी खोलीत नजर फिरवली. सात जणांपैकी चौघांना आधीच एकेक मूल होतं. दोघं त्याच आठवड्यात पडून पाय मोडून बसले होते. उरला होता तो लाजाळू, दोन वाक्यं सलग न बोलणारा, टिपररीचा कॉर्मॅक.

"कॉर्मॅक," मी म्हणालो. "तुला आज भूक लागलीय का रे?"

"रोजच लागते," तो म्हणाला.

मी फोन त्याच्या हातात दिला.